दादांच्या पाण्याचा आलेख

दादा पाणी मोजून प्यायला लागले तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं. त्याआधी ते चारचौघांसारखे तहान लागली की पाणी पीत आणि त्याबद्दल कुणाला काही सांगायला जात नसत.

दादा म्हणजे माझे वडील. बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. क्वार्टर सोडल्यावर मांजलपूरच्या एका सोसायटीत छोटं टेनामेंट, म्हणजे रांगेतलं बैठं घर, घेतलं होतं. तिथे ते आणि आई दोघंच राहत. भाऊ पुण्याला नोकरीला. मी लग्नानंतर सुभानपुऱ्यात, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण शाळा सुटली की आठवड्यातून दोनतीनदा मोपेडवरून माझी मांजलपूरला चक्कर व्हायची. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडलं ते सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं आणि मलाच सगळ्यात उशिरा कळलं.

लालबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींचा एक घोळका होता. दादा त्यातलेच. त्या वर्षांत बडोद्यात रोज काहीतरी नवं येत होतं. घरोघर केबल आली, नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ आले आणि या घोळक्यात आरोग्याचे झेरॉक्स काढलेले कागद फिरायला लागले. एका कागदावर मेथीदाणे, दुसऱ्यावर दुधीचा रस. तसाच एक कागद जलोपचाराचा होता. सकाळी उठल्याबरोबर, दातसुद्धा न घासता, सहा पेले पाणी प्यायचं. मग दिवसभर दर तासाला एक. बद्धकोष्ठापासून रक्तदाबापर्यंत सगळं बरं होतं म्हणे. दादांना रक्तदाब होता. त्यांनी तो कागद घरी आणला, दोनदा वाचला आणि आईला म्हणाले, "उद्यापासून."

दादांचं काम कधी अंदाजपंचे नसायचं. स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं त्यांनी ताब्यात घेतलं. कपाटाच्या दाराला आलेखाचा कागद लावला. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर लिटर. रोज संध्याकाळी टोकदार पेन्सिलीनं एक ठिपका काढायचा आणि पट्टीनं तो आदल्या दिवसाच्या ठिपक्याला जोडायचा. फेब्रुवारीत रेघ तीन लिटरवर होती. एप्रिलच्या शेवटी ती साडेपाचाच्या वर गेली. मी एकदा म्हटलंसुद्धा, "दादा, जरा जास्तच होतंय."

"उन्हाळा आहे," ते म्हणाले. "आणि पाण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय का?"

मलाही ते पटलं. खरंच, पाण्यानं कुणाचं काय वाईट होणार?

त्याच सुमाराला आणखी दोन गोष्टी झाल्या. रक्तदाबासाठी म्हणून दादांनी मीठ जवळजवळ सोडलं. वरण अळणी, भाजी अळणी, लोणच्याच्या बरणीकडे पाहायचंसुद्धा नाही. आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली. लघवीवाटे मीठ आणि पाणी काढून रक्तदाब उतरवणारी ती साधी गोळी. असंख्य लोक ती घेतात आणि सुखानं जगतात. दादांनी त्यांना जलोपचाराबद्दल सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं नंतर म्हणाले.

मे महिना लागला तसं दादांना मळमळायला लागलं. डोकं दुखायचं. जेवण कमी झालं. ऊन लागलं असेल म्हणून त्यांनी आणखी पाणी वाढवलं. आईनं लिंबाचं सरबत केलं तर म्हणाले, "मीठ नको घालूस." तिनं बिनमिठाचं दिलं.

पहिल्यांदा खरं काही ओळखलं ते आईनं, तेही पत्त्यांवरून. दुपारी चहाच्या आधी दोघं बेझिक खेळत. चाळीस वर्षांचा परिपाठ. त्यात आई फार क्वचित जिंकायची. एका गुरुवारी मी गेले तर ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "मी तीन दिवस सलग जिंकतेय."

"छान झालं की."

"छान काय? हुकूम कुठला तेच त्यांच्या लक्षात राहत नाही. काल राणी हातात धरून बसले आणि मला विचारतात, ही कोण?"

"वय होतंय, आई."

"वय असं तीन आठवड्यांत होतं का?" ती म्हणाली.

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. मी मात्र घरी परत येताना, बाजारातून काय न्यायचं याचाच विचार करत होते.

पुढच्या आठवड्यात दादा दूध आणायला गेले आणि शेजारच्या घराच्या कुलपात आपली किल्ली घालून उभे राहिले. शेजारच्या काकांनी हाताला धरून आणून सोडलं. चालताना पाय फाकवून, होडीत उभं राहिल्यासारखे चालायला लागले. चिडायला लागले. उभ्या जन्मात आईवर आवाज न चढवलेला माणूस आमटी गरम आहे म्हणून वाटी सरकवून उठला. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, विसरण्याचा आजार असेल, आता काय, दोघांना पुण्याला घेऊन येतो, घर विकून टाकू. मीही मनातल्या मनात तेच धरून चालले होते. शाळेतल्या एका बाईंच्या सासऱ्यांना असंच झालं होतं. त्या सांगायच्या ते सगळं मला आठवायला लागलं आणि बारावीच्या सुट्टीतल्या जादा तासाला शिकवता शिकवता माझे डोळे भरून यायचे.

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला आईचा फोन आला. एरवी ती फोनवर ओरडून बोलायची. त्या दिवशी अगदी हळू बोलली.

"लवकर ये. ते मला ओळखत नाहीयेत."

मी पोचले तेव्हा दादा पलंगाच्या कडेला बसले होते. सदऱ्याची बटणं एकेक घर चुकवून लावलेली. आई समोर उभी होती. दादांनी तिच्याकडे अतिशय सभ्यपणे पाहिलं आणि म्हणाले, "बेन, जरा पाणी आपशो?"

घरात आम्ही मराठीच बोलायचो. गुजराती दादा बाहेर बोलत, परक्या माणसांशी, आणि 'बेन', म्हणजे ताई, परक्या बाईला म्हणत. आई वळली आणि पाणी आणायला गेली. मला तिचे खांदे हलताना दिसले. मला पाहून ते "अक्का, तू कधी आलीस?" म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

शेजारच्या काकांनी रिक्षा आणली. आम्ही तिघांनी धरून त्यांना बसवलं. जवळच एक नर्सिंग होम होतं आणि तिथल्या फिजिशियन एक गुजराती बाई होत्या, माझ्याच वयाच्या. सगळे त्यांना डॉक्टरबेन म्हणत. त्या गुजरातीत बोलत, आम्ही मराठीत. बडोद्यात त्यानं कुणाचं काही अडत नाही.

त्यांनी दादांना तपासलं, हात समोर धरायला लावले, पाय उचलायला लावले. मग आम्हाला विचारत गेल्या. उलट्या? जुलाब? पूर्वी हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास? झोपेच्या, मनाच्या, फिटच्या गोळ्या? खोकला? प्रत्येकाला आम्ही नाही म्हणत होतो. रक्तदाबाची गोळी मी पर्समधून काढून दाखवली. ती पाहून त्या थांबल्या.

"ही कधीपासून?"

"पाच-सहा आठवडे."

"आणि पाणी किती पितात?"

मी "बरंच" म्हणणार होते. तेवढ्यात आईनं आपल्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. कपाटावरचा आलेख. घरातून निघायच्या गडबडीत तिनं तो का काढून घेतला, हे तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. "त्यांची सगळी माहिती त्यात असते," एवढंच म्हणाली.

डॉक्टरबेननी तो टेबलावर पसरला. बोट रेघेवरून वर वर नेत राहिल्या. शेवटचे काही ठिपके वेडेवाकडे होते, दोन तर चौकटीच्या बाहेर. पण साडेसहा लिटर वाचता येत होतं.

"इतकी व्यवस्थित केस हिस्टरी मला आजवर कुणी दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "आपण आधी सोडियम बघू."

सोडियम! हा शब्द मी रोज फळ्यावर लिहीत होते.

नर्सिंग होममध्ये ते मोजायचं यंत्र नव्हतं. रक्ताची बाटली घेऊन मी स्वतःच रस्ता ओलांडून समोरच्या लॅबोरेटरीत गेले. तिथे एक वयस्क तंत्रज्ञ होते. यंत्राला एक लहानशी काच होती आणि आत गॅसची निळी ज्योत. त्यांनी दादांच्या रक्तातला पाण्यासारखा भाग पातळ करून नळीवाटे आत सोडला आणि ज्योत पिवळी झाली. तारेवर मिठाचा कण धरून हा पिवळा रंग मी दर वर्षी मुलांना दाखवायचे. मुलं तो बघून "ओहो" म्हणायची. माझ्या वडिलांच्या रक्तातून तो निघताना पाहून मी जवळचं स्टूल ओढून बसले.

"बेन, कोण लागतात तुमचे?" त्यांनी विचारलं.

"वडील."

त्यांनी पुन्हा एकदा मोजलं, खात्री करायला. मग कागदावर लिहिलं: एकशे बारा. असायला हवं एकशे पस्तीसच्या वर.

डॉक्टरबेननी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. दादांच्या अंगातलं मीठ थोडं घटलं होतंच. गोळीनं ते लघवीवाटे जात होतं आणि जेवणातून भर पडत नव्हती. पण मोठा घोटाळा पाण्याचा होता. जास्तीचं पाणी मूत्रपिंडं एरवी बाहेर टाकतात. या गोळीनं त्यांचं ते काम अवघड केलं, जेवण कमी झाल्यानं आणखी अवघड झालं, आणि वरून पाणी येतच राहिलं. रक्त पातळ होत गेलं आणि मेंदूच्या पेशींमध्ये पाणी शिरून त्या फुगल्या. मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं, माणसं न ओळखणं, सगळं त्यातूनच आलेलं. हृदय, यकृत, थायरॉइड, फुप्फुसातली गाठ, अशी आणखीही कारणं असतात. ती नाहीत ना, एवढं त्या तपासून घेणार होत्या.

"म्हणजे विसरण्याचा आजार नाही?" मी विचारलं.

"मला नाही वाटत. पण आधी सोडियम वर येऊ दे, मग बोलू."

मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच हिशेबाला लागले. दादांचं वजन, अंगातलं पाणी, किती कमी, म्हणजे किती ग्रॅम मीठ. वहीच्या पानावर मांडणी करून मी ती त्यांच्यापुढे सरकवली. "एवढं आत्ताच देऊन टाकलं तर संध्याकाळपर्यंत बरे होतील ना?"

त्या हसल्या नाहीत. "बेन, गणित बरोबर आहे. पण असं केलं तर मी तुमच्या वडिलांना कायमचं अपंग करून ठेवीन."

मग त्यांनी सांगितलं ते मी कधीच विसरले नाही. हे पाणी हळूहळू, कित्येक आठवड्यांत वाढलं होतं. तेवढ्या वेळात मेंदूनं स्वतःला वाचवायला आपल्या पेशींमधले क्षार बाहेर टाकले होते आणि त्या पातळ रक्ताशी कसंबसं जुळवून घेतलं होतं. आता बाहेरचं रक्त एकदम खारट केलं तर पेशींमधलं पाणी झपकन ओढलं जाईल आणि नसांवरचं आवरण गळून पडेल. माणूस आधी सुधारल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांनी त्याची वाचा जाते, हातपाय जातात. म्हणून दिवसाला सात-आठ अंक, त्यापेक्षा जास्त नाही. खारट सलाइन थोडंसंच, अगदी सावकाश, गोळी बंद, पाणी दिवसाला पाऊण लिटर, आणि दर काही तासांनी रक्त तपासायचं.

मी वहीचं पान फाडून पर्समध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा एकशे अठरा होता. दादा झोपेत होते, पण आईनं कपाळाला हात लावल्यावर त्यांनी तो धरला. आम्ही दोघी खूश. दुपारी एकच्या सुमाराला मात्र नर्स लघवीची पिशवी तिसऱ्यांदा रिकामी करायला आली. पाण्यासारखी स्वच्छ लघवी, थांबायचं नावच नाही. मला वाटलं, किती चांगलं, साठलेलं सगळं निघतंय. नर्सनं ते डॉक्टरबेनना कळवलं आणि त्या जेवण अर्धं टाकून आल्या. पुन्हा रक्त, पुन्हा मी रस्ता ओलांडून पलीकडे. एकशे बावीस.

"वेगानं चढतंय," त्या म्हणाल्या. "गोळीचा असर उतरला, मूत्रपिंडं मोकळी झाली. आता ती सगळं पाणी एकदम फेकतायत." मग आईकडे वळून म्हणाल्या, "मासी, यांना पाणी पाजा. दोन पेले. आणि मी साखरेच्या पाण्याचं सलाइन लावते."

आई उभीच राहिली. "काल पाणी म्हणजे विष म्हणालात. मी त्यांना चमच्यानं मोजून देतेय. आणि आज पाजा म्हणता?"

"विष नाही म्हणाले, मासी. काल खाली होतं म्हणून थांबवलं. आज पळत सुटलंय, त्याला जरा धरायचंय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर माझाही धीर सुटला होता. रसायनशास्त्राच्या कुठल्याही धड्यात असा पेशंट नव्हता. आईनं दादांना टेकून बसवलं आणि घोट घोट पाणी पाजलं. ते पीत असताना ती पुटपुटत होती, बहुधा रामरक्षा. संध्याकाळी आकडा एकशे वीसवर आला. डॉक्टरबेननी खुर्ची ओढली, बसल्या आणि त्यांनी आईच्या डब्यातला एक लाडू मागून खाल्ला. तेव्हा मला कळलं की त्याही घाबरल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी पोचले तर दादा डोळे उघडे ठेवून वर बघत होते. एकशे एकोणतीस. मी जवळ गेले.

"दादा, कसं वाटतंय?"

"तो सलाइनचा स्टँड ओळंब्यात नाही," ते म्हणाले. "डाव्या पायाखाली पॅकिंग पाहिजे."

मी वर्तमानपत्राची घडी करून त्या पायाखाली सारली. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मग आईकडे वळले. "अगं, तू जेवलीस का? तोंड किती उतरलंय तुझं."

आई रडली नाही. "बेन जेवली," ती म्हणाली. "आता तुम्ही जेवा."

त्यांना तो विनोद कळला नाही. मधल्या दिवसांतलं त्यांना काहीच आठवत नव्हतं, पुढेही ते दिवस कोरेच राहिले. घरी आल्यावर आईनं सगळं सांगितलं तेव्हा ते इतके ओशाळले की दोन दिवस तिच्याशी डोळे मिळवून बोलेनात. तिनं मात्र पुढे कित्येक महिने, चहा देताना, "ल्यो भाई, चा" म्हणून त्यांना छळलं.

सहाव्या दिवशी घरी सोडताना मी डॉक्टरबेनना विचारलं, हे पुन्हा होईल का? त्या म्हणाल्या, सगळं कारणावर असतं. हृदय किंवा यकृत थकल्यामुळे सोडियम उतरलं असतं, तर ते मूळ दुखणं असेतो सांभाळत बसावं लागलं असतं. गाठ निघाली असती तर पुढचं सगळं त्या गाठीवर. दादांच्या बाकीच्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. कारण काढता येण्यासारखं होतं आणि ते काढलं होतं. ती गोळी पुन्हा कधीही घ्यायची नाही. रक्तदाबाची दुसरी दिली होती. जेवणात मीठ बेतानं, पण असायला हवं. तहान लागेल तेवढं पाणी. पहिला महिना दर आठवड्याला रक्त, मग दोन-तीन महिन्यांनी. तोल सावरायला थोडे आठवडे लागतील, पडायला जपा. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर न विचारता सगळं सांगा.

तोल महिन्याभरात सावरला. बेझिकमध्ये आई जूनच्या अखेरीस पुन्हा हरायला लागली आणि तिनं त्याबद्दल मला आनंदानं फोन केला.

दादा लालबागेत परत गेले तेव्हा मी सोबत होते. त्यांना एकट्याला सोडायची आईची अजून तयारी नव्हती. घोळक्यानं टाळ्या वाजवल्या. दादांनी खिशातून कागद काढला, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला, आणि उभं राहून वाचून दाखवला. काय प्यायलो, कुठली गोळी, काय झालं. कुणाला दोष नाही, सल्ला नाही. शेवटी एवढंच की रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी पाण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारून करावेत. ज्या गृहस्थांनी तो जलोपचाराचा कागद आणला होता ते रागावले. त्यांना स्वतःला फायदाच झाला होता म्हणे, आणि होतही असेल. ते आठवडाभर दुसऱ्या बाकावर बसले. पण घोळक्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी दादांना बाजूला घेऊन आपल्या गोळीचं नाव विचारलं. तीच निघाली. त्यांनी रक्त तपासलं, ते अगदी ठीक होतं, आणि ती बातमी सांगायला ते आमच्या घरी भाकरवडी घेऊन आले.

मीही जुलैत वर्गात मुलांना हे सांगितलं. नाव न घेता, एका गृहस्थांची गोष्ट म्हणून. एका मुलीनं विचारलं, "बेन, मग मीठ चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "किती आणि कशात, ते आधी विचार."

पुढच्या वर्षी मांजलपुरात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकवणारा एक क्लास निघाला. दादा स्वतः चौकशी करून आले आणि नाव घालून आले. आईनं मला फोन करून विचारलं, "मेंदूला ताण नाही ना यायचा?" मी डॉक्टरबेनना विचारलं, त्या म्हणाल्या, खुशाल जाऊ दे. पॉलिटेक्निकच्या पोरांमध्ये ते एकोणसत्तराव्या वर्षी जाऊन बसले. महिनाभर माउस त्यांच्या हातातून घसरायचा. पेन्सिलीसारखा दाबून धरायचे. पण एका दिवशी सरांनी पडद्यावर एका बेअरिंगचा छेद दाखवला, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि नम्रपणे सांगितलं की यात एक लपलेली रेघ, म्हणजे मागची न दिसणारी कडा दाखवणारी तुटक रेघ, राहून गेली आहे. सरांनी तपासलं. राहिली होती. त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा ते जेवायला बसले होते. पानात आमटी, भात, लिंबाची फोड, आणि ती रेघ कुठे हवी होती ते आईला ताटाच्या कडेवर बोटानं काढून दाखवत होते. आई "हो का?" म्हणत त्यांना आणखी भात वाढत होती.